उसना एकांत

विश्रांती हा शब्द आपल्या वसईच्या घरांतून काहीशा संकोचानेच उच्चारला जातो. ज्यांच्या वाडवडिलांनी पहाटेच्या काळोखात वाडीला पाणी दिले आणि दिवस उजाडण्यापूर्वी केळी, पाने, फुले घेऊन मुंबईच्या बाजाराची वाट धरली, त्यांच्या वंशजांना रिकाम्या हातांची थोडी लाज वाटावी हे स्वाभाविकच आहे. आपण घराबाहेर पडतो तेही काही निमित्ताने. लग्नकार्य असते, वेलांकनीची यात्रा असते, माऊंट मेरीची जत्रा असते, एखादा नवस फेडायचा असतो. नुसते थांबण्यासाठी, काहीही न करण्यासाठी कुणी नवराबायको कुठे जाऊन राहतात असे कानावर आले, तर एक तर त्यांच्याकडे पैसा फार झाला असावा किंवा घरात काही बिनसले असावे, असा तर्क लोक करतात.

२०२५च्या फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारापूर्वीच्या आठवड्यात, आम्ही उभयता गोव्याच्या दक्षिण टोकाला समुद्रकाठच्या एका झोपडीत सहा रात्री राहून आलो. जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दहा वर्षांनी होणारे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू होऊन ५ जानेवारी २०२५ रोजी संपले होते. आमच्या धर्मग्रामातून अनेक कुटुंबे त्यासाठी गेली होती. आम्ही गेलो नव्हतो, कारण जानेवारीत आईच्या वर्षाची मिस्सा होती. त्यामुळे आमच्या जाण्याची बातमी फुटली तेव्हा शेजारणीने सरळच विचारले, “दर्शनाला आला नाहीत, मग आता तिकडे काय आहे?” प्रश्न रास्त होता. उत्तर आमच्यापाशीही नव्हते.

आई ११ वर्षे अंथरुणाला खिळून होती. ती आमच्यापैकी एकाची आई आणि दुसऱ्याची सासू. परंतु त्या ११ वर्षांत हा भेद केव्हाच पुसला गेला होता. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली आणि हळूहळू वाचाही गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. रात्रीच्या आम्ही दोन पाळ्या केल्या होत्या. पहिली पाळी दोन वाजता संपे. त्या वेळी दोघांनीही उठायचे, मिळून तिला वळवायचे, चादर बदलायची आणि मग एकाने झोपायचे, दुसऱ्याने जागायचे. ज्या घरांतून अशी सेवा झालेली आहे, त्या घरांतील वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. या काळात आमचे आपसांतले बोलणे कोणत्या वळणावर गेले होते तेही त्यांना ठाऊक असेल. औषध दिले का, जेवली का, डॉक्टर काय म्हणाले, उद्या बँकेत कोण जाणार. एवढेच ते बोलणे. त्यात प्रेम नव्हते असे नाही. किंबहुना त्या सेवेतच आमचे सारे प्रेम होते. पण आई देवाघरी गेली आणि त्या बोलण्याचा विषयच उठून गेला. घरात माणसे दोन आणि घड्याळाची टिकटिक एक, अशी आमची अवस्था झाली.

आमच्या परिचयाच्या एका धर्मभगिनीने वर्षाच्या मिस्सेनंतर आमच्याकडे पाहून म्हटले, “तुम्ही दोघं आता कुठंतरी जा. यात्रेला नको. नुसतं राहायला जा.” तिच्याच ओळखीने गालजीबागचा पत्ता मिळाला.

गालजीबाग हे काणकोण तालुक्यातले गाव. काणकोण हा गोव्याचा दक्षिणेकडील शेवटचा तालुका; त्यापुढे कर्नाटक. मडगावहून रेल्वेने काणकोण स्थानकात उतरायचे आणि तेथून रिक्षाने थोडी वाट कापायची. एका अंगाला तळपणची नदी, दुसऱ्या अंगाला गालजीबागची नदी आणि या दोन मुखांच्या मधे पांढऱ्या वाळूचा पट्टा व त्यामागे सुरूचे बन. २०१९च्या अखेरीस काणकोणचा नवा वळणरस्ता झाला, तेव्हापासून या दोन्ही नद्यांवरून मोठे पूल गेले आहेत आणि मंगळूर-कारवारकडची वाहने वरून धावतात. तथापि खाली किनाऱ्यावर त्यांचा मागमूस लागत नाही. गोव्याच्या उत्तरेकडील किनाऱ्यांची जी छायाचित्रे आपण पाहतो, त्यांतले येथे काहीच नाही. नदीच्या मुखाशी बायका कालवे काढताना दिसतात, सकाळी पोदेर सायकलीचा भोंगा वाजवीत पाव घेऊन येतो, आणि दुपारी बाराच्या सुमारास गाव इतके निःशब्द होते की माडावरून झावळी पडली तरी दचकायला व्हावे.

आमचे यजमान म्हणजे साठी ओलांडलेले एक ख्रिस्ती जोडपे. त्यांच्या घरामागे, बनाच्या अलीकडे, त्यांनी पाहुण्यांसाठी एकच झोपडी उभी केली होती. बांबूचा सांगाडा, विणलेल्या झावळ्यांच्या भिंती, वर झावळ्यांचेच छप्पर, जमीन शेणाने सारवलेली. एक खाट, एक मच्छरदाणी, पाण्याचा माठ, दोरीवर दोन पंचे. एक मिणमिणता दिवा होता, तोही घराच्या बाजूला. खिडकी समुद्राच्या दिशेला होती, पण त्या अंगाला दिव्याची सोयच ठेवलेली नव्हती. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर १९९१पासून केंद्र सरकारचे निर्बंध आहेत, आणि अशा झोपड्या हंगामापुरत्याच उभारायच्या असतात. पावसाळा तोंडावर आला की ही झोपडी सोडवून ठेवायची, बांबू माळ्यावर चढवायचे आणि झावळ्या चुलीला लावायच्या. पाऊस सरला की पुन्हा नवी विणायची. यजमान हे सांगत होते तेव्हा आम्हाला लेवीय ग्रंथातला मंडपांचा सण आठवला. पक्की घरे मिळाल्यानंतरही इस्राएली लोकांनी वर्षातून सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहावे अशी आज्ञा होती. आपले पूर्वज रानातून आले आणि त्या वाटेवर देवानेच त्यांना सांभाळले, याचा विसर पडू नये म्हणून. भिंतीतून वारा आत येतो अशा जागी राहिले की माणसाला आपल्या पक्क्या घराचा भार कळतो.

पहिले दोन दिवस आम्हाला फार जड गेले हे सांगितले पाहिजे. एकांताविषयी जे लिहिले जाते त्यात हा भाग बहुधा गाळलेला असतो. सकाळी पाव आणि चहा झाला, किनाऱ्यावर फेरी झाली, परत आलो, तर घड्याळात साडेआठ. हाताला काम नाही. मोबाईलला धड संपर्क नाही. आमच्यापैकी एकाने झोपडीचे अंगण झाडून काढले, ते यजमानीणबाईंनी आधीच झाडलेले होते. दुसऱ्याने बादलीभर पाणी उगाच इकडचे तिकडे केले. दुपारी हुमण आणि उकड्या तांदळाचा भात जेवून आम्ही सुरूच्या सावलीत चटईवर बसलो. दोघे समुद्राकडे पाहत होतो. बोलण्यासारखे दोघांनाही काही सुचत नव्हते. लग्नाला ३४ वर्षे झालेल्या माणसांना एकमेकांसमोर पाहुण्यासारखे अवघडून बसावे लागते, याची भीती वाटण्याजोगी ती दुपार होती. आईच्या खाटेमुळेच आम्ही जोडलेले होतो की काय, आणि ती खाट निघाल्यावर आता आमच्यात उरले तरी काय, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता. तो विचारण्याचे धैर्य मात्र कुणालाच झाले नाही.

त्या संध्याकाळी यजमानीणबाई पेज आणि लोणचे घेऊन आल्या आणि जाताना म्हणाल्या, “रातीं दर्याक उजवाड दाखोवनाकात.” रात्री समुद्राला उजेड दाखवू नका. आम्ही कारण विचारले, तेव्हा त्यांनी बनापलीकडे बोट केले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिले. वाळूत जाळीचे कुंपण घालून काही जागा राखलेल्या होत्या आणि वन खात्याच्या वतीने एक स्थानिक तरुण तिथे पहारा करीत होता. ती समुद्री कासवांची घरटी होती.

ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवे. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे त्यांच्या विणीसाठी राखलेले आहेत. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मादी रात्रीच्या वेळी भरतीरेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी हातभर खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने तो बुजवते आणि परत समुद्रात निघून जाते. पुढे सुमारे ४५ ते ६० दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर वाढतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या उबेवर ठरते. वाळू अधिक तापलेली असेल तर माद्या अधिक निपजतात. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू क्षितिजावर जिथे अधिक उजळ दिसेल तिकडे धाव घेते. काळोख्या किनाऱ्यावर ते उजळ क्षितिज समुद्राचे असते. मागे दिवे असतील तर पिल्लू चुकून जमिनीकडे वळते आणि मरते. उजेड आणि गोंगाट असेल तर मादी पुष्कळदा किनाऱ्यावर न चढताच माघारी फिरते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या प्राण्याला संरक्षण दिलेले आहे. परंतु कायद्याला काळोख निर्माण करता येत नाही. तो गावातल्या प्रत्येक घराला रोज रात्री हाताने करावा लागतो.

आम्हाला कासव दिसले नाही. एका पहाटे मात्र ओल्या वाळूत तिच्या येण्याजाण्याच्या दोन खुणा दिसल्या. एखादे छोटे यंत्र ओढत नेल्यासारखा पट्टा समुद्रातून वर आलेला आणि दुसरा खाली गेलेला. तो तरुण म्हणाला, “रात्री येऊन गेली. तुम्ही झोपला होता.”

आम्ही झोपलो नव्हतो. त्या रात्रीविषयीच हा लेख आहे.

अमावास्या जवळ आली होती. सूर्यास्तानंतर पश्चिमेला शुक्र इतका तेजस्वी दिसे की त्याचा एक फिकट पट्टा पाण्यावर पडे; नऊच्या सुमारास तोही मावळे. मग डोक्यावर मृगाचे नक्षत्र आणि खाली लाटांचा आवाज. यजमानांच्या घरातून तेर्साचा, म्हणजे आपल्या रोजरीचा, आवाज येई. आम्हीही तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओटीवर जाऊन बसू लागलो. ते कोंकणीत म्हणत, आम्ही मराठीत. शब्द वेगळे, पण मण्यामागून मणी सरकण्याची लय एकच. ती चुकत नसे. प्रार्थना संपली की दिवा मालवला जाई आणि आम्ही चाचपडत झोपडीकडे येत असू.

त्या रात्री दोन वाजता आमच्यापैकी एकाला जाग आली. घरी असती तशीच. आई गेल्यापासून ती रोजच येत असे, दोन वाजता, ठरल्यासारखी. दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून हालचाल न करता पडून राहायचे आणि पुन्हा डोळा लागण्याची वाट पाहायची, हा वर्षभराचा परिपाठ. घरी पंख्याचा आवाज असतो, रस्त्यावरून एखादी मोटार जाते. झोपडीत तसे काही नव्हते. दोन लाटांच्या मधल्या शांततेत शेजारचा श्वास ऐकू येत होता, आणि तो झोपलेल्या माणसाचा श्वास नव्हता.

“जागे आहात?”

“हो.”

“केव्हापासून?”

“रोजच. दोन वाजता.”

वर्षभर आम्ही दोघेही रोज रात्री दोन वाजता जागे होत होतो, आणि दुसरा झोपलेला आहे असे समजून दोघेही निश्चल पडून राहत होतो. आईला वळवण्याची ती वेळ. हात उठायला निघत आणि मग आठवे की खाट रिकामी आहे. एकमेकांची काळजी घेण्याच्या सवयीनेच आम्हाला एकमेकांपासून लपवून ठेवले होते. त्या काळोखात, चेहरा दिसत नसताना, आम्ही पहाटेपर्यंत बोललो. आईविषयी बोललो, ती आजारी होती ते सोडून तिच्या आधीच्या आयुष्याविषयी. ती पापड लाटताना गुणगुणत असे ती चाल आठवली. तिच्या शेवटच्या वर्षांत आम्हाला आलेला थकवा, आणि ती गेली त्या दिवशी दुःखाबरोबर मनाला जो हलकेपणा वाटला तोही, प्रथमच शब्दांत आला. ते ऐकून दुसऱ्याला धक्का बसला नाही. त्यालाही तसेच वाटले होते. पुष्कळ वेळाने आमच्यापैकी एक जण रडला, आणि दुसऱ्याने त्याला रडू दिले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबजीवनावर जो ‘आमोरिस लेतित्सिया’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात पतिपत्नींच्या संवादाविषयी एक भाग आहे. एकमेकांचे ऐकण्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि ऐकण्यापूर्वी मन शांत करावे लागते, असा त्याचा आशय आहे. आमच्या पॅरिशमध्ये त्यावर व्याख्यान झाले होते आणि आम्ही दोघेही पहिल्या बाकावर बसून ते ऐकले होते. पण वेळ देणे म्हणजे काय, हे त्या रात्री कळले. काहीतरी मालवावे लागते. त्याशिवाय जे यायचे ते किनाऱ्यावर चढत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्सेहून परतल्यावर यजमानीणबाई चुलीकडे वळल्या, तेव्हा आम्ही त्यांना थांबवले आणि चौघांनी मिळून सकाळच्या पावाबरोबर जे होते ते खाल्ले. अनुवाद ग्रंथात शब्बाथाच्या आज्ञेला जोडून एक कारण दिले आहे: तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. आमचा विसावा त्या माउलीच्या कष्टांवर उभा होता हे सहा दिवसांत विसरणे सोपे होते. पैसे दिले म्हणून ते कष्ट नाहीसे होत नाहीत.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात शिष्य थकून परत येतात, तेव्हा प्रभू येशू त्यांना एकांत जागी येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. त्याचा पुढचा भाग मात्र निसटतो. होडी त्या एकांत जागी पोहोचते तेव्हा लोक पायी धावत आधीच तिथे येऊन थांबलेले असतात, आणि प्रभूला त्यांचा कळवळा येतो. म्हणजे निर्जन जागा खऱ्या अर्थाने निर्जन नसतेच. आपण ज्याला एकांत म्हणून जवळ करतो ते कुणाचे तरी गाव असते, कुणाची तरी चूल असते, एखाद्या मुक्या जीवाचे प्रसूतिगृह असते. गालजीबागची शांतता ही निसर्गाने फुकट दिलेली वस्तू नव्हती. यजमानांनी समुद्राकडचा दिवा लावला नाही, त्या तरुणाने रात्र जागवली, शेजारच्या घरांनी लग्नाच्या हंगामातही गाणी लवकर थांबवली, तेव्हा ती शांतता झाली. आम्ही ती सहा रात्रींसाठी उसनी घेतली होती. निघताना पैसे हातात ठेवले तेव्हा यजमान ‘देव बरें करूं’ एवढेच म्हणाले. गोव्यात आभार मानायचे ते असे. घेणाऱ्याने देणाऱ्याची परतफेड देवावर सोपवायची.

उसने घेतलेले परत करायचे असते, तेव्हा ते कुठे परत करावे हा विचार परतीच्या गाडीत मनात येत राहिला. आमच्या लहानपणी राजोडी-कळंबचा किनाराही काळोखी होता. सुरूच्या बनातून रात्री परत येताना एकमेकांचा हात धरावा लागे. आज त्याच किनाऱ्यावर शनिवारची रात्र कशी असते हे आपण सारेच जाणतो. बाहेरून येणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, परंतु त्या झगमगाटासाठी जमिनी देणारेही आपलेच, आणि लग्नाच्या वरातीत मध्यरात्रीपर्यंत कर्णे लावणारेही आपणच. हरित वसईसाठी आपल्या समाजाने एकेकाळी रस्त्यावर उतरून लढा दिला. पाणी आणि जमीन राखायला हवी हे आपल्याला तेव्हा पटले होते. काळोख आणि शांतता यांनाही राखण लागते, हे अजून पटायचे आहे.

किनाऱ्याचे काय होईल ते आमच्या एकट्याच्या हाती नाही. घराचे आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी आज कुणी अंथरुणावर आहे, त्यांना आमच्यासारखे सहा दिवस निघणे शक्य नाही हे आम्ही अनुभवाने जाणतो. ज्यांची खाट नुकतीच रिकामी झाली आहे, त्यांना ते शक्य असूनही सुचणार नाही. अशांसाठी इतकेच सांगावेसे वाटते की झोपडी झावळ्यांची असावी लागत नाही आणि समुद्रही लागत नाही. शनिवारी रोजरी झाल्यावर आम्ही आता घरातले दिवे मालवतो, दूरदर्शन आणि मोबाईल बंद करतो आणि तासभर ओटीवर बसतो. पहिली पंधरा मिनिटे अजूनही जड जातात. ती जाऊ द्यावीत. आणि रात्री दोन वाजता जाग आलीच, तर शेजारी पडलेल्या माणसाला हळूच हाक मारून पाहावी. बहुधा तेही जागेच असते.